उमेदवाराची मालमत्ता आणि मतदाराचा अधिकार

झाशी लोकसभा मतदारसंघ झाशी व ललितपूर या दोन जिल्ह्यांत विस्तारलेला आहे. उत्तर प्रदेशात मंत्री व विधिमंडळ सदस्यांच्या मालमत्ता-दायित्वांच्या प्रसिद्धीसाठी १९७५ चा स्वतंत्र अधिनियम आहे. तथापि तो निवडून आलेल्यांसाठी. मत देण्यापूर्वी उमेदवाराची सांपत्तिक स्थिती जाणून घेण्याचा मतदाराचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने २ मे २००२ रोजी मान्य केला. त्यास मुरड घालणारी कायदादुरुस्ती न्यायालयाने १३ मार्च २००३ रोजी घटनाबाह्य ठरविली.

तेव्हापासून नामनिर्देशनपत्रासोबत प्रतिज्ञापत्र अनिवार्य झाले. आज नमुना २६ मध्ये उमेदवार, पती वा पत्नी व अवलंबित यांची स्थावर-जंगम मालमत्ता, कर्जे, शासकीय थकबाकी, उत्पन्नाचे स्रोत आणि पाच वर्षांच्या विवरणपत्रांतील उत्पन्न नमूद करावे लागते. रकाना कोरा ठेवून चालत नाही, असे २०१३ मध्ये स्पष्ट झाले. निवडून आलेल्या खासदारास शपथेनंतर ९० दिवसांत सभागृहाच्या पीठासीन अधिकाऱ्यांकडे पुन्हा विवरण द्यावे लागते.

परंतु लिहिलेले खरे की खोटे, हे कोण तपासणार? निवडणूक निर्णय अधिकारी छाननीच्या अल्प वेळात सखोल चौकशी करू शकत नाही. म्हणून मुख्य मार्ग उरतो तो निकालानंतर ४५ दिवसांत उच्च न्यायालयात दाखल करावयाच्या निवडणूक याचिकेचा. या दृष्टीने महाराष्ट्रातील अंबरनाथचे प्रकरण उद्बोधक आहे. २००४ च्या विधानसभा निवडणुकीत विजयी झालेले किसन कथोरे यांच्या प्रतिज्ञापत्रात वीज मंडळाची थकबाकी, पत्नीच्या नावावरील बंगला व वाहन आणि भागीदारी संस्थेतील हितसंबंध यांचा उल्लेख नव्हता. मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्ये निवडणूक रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने ९ मे २०१४ रोजी तो निर्णय कायम केला. अर्ज एकदा स्वीकारला गेला म्हणून दोष झाकला जात नाही, हे तत्त्व प्रस्थापित झाले खरे. पण तोवर त्या विधानसभेची मुदत संपून साडेचार वर्षे लोटली होती! विलंब हीच या व्यवस्थेची मोठी उणीव होय.

२०१८ च्या 'लोकप्रहरी' निर्णयाने मालमत्ता व उत्पन्नाचे स्रोत दडविणे हे भ्रष्ट आचरण मानले. मात्र २०२४ मध्ये अरुणाचल प्रदेशातील एका प्रकरणात, प्रत्येक किरकोळ जंगम वस्तू नोंदविणे आवश्यक नाही, उमेदवाराच्या राहणीमानावर प्रकाश टाकणारी भरीव मालमत्ता महत्त्वाची, असे न्यायालयाने सांगितले. फौजदारी शिक्षा अद्यापि सहा महिन्यांपर्यंत कारावास वा दंड इतकीच आहे. प्रतिज्ञापत्रे निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर उपलब्ध असतात. झाशीच्या मतदाराने सलग दोन निवडणुकांची प्रतिज्ञापत्रे शेजारी ठेवली, तर पाच वर्षांतील वाढ आणि घोषित उत्पन्न यांचा मेळ बसतो की नाही, हे त्याला स्वतःच पडताळता येते.