दांडा सोडून बघ

ताई फोनवर सहज बोलून गेली होती, "बारा तास सुकाणू धरलं ना, की नंतर चहाचा कपसुद्धा धरवत नाही गं." ती साउदॅम्प्टनला नर्स आहे. गावी असताना लाँचशिवाय कशात बसली नव्हती, आणि आता २६ फुटी शिडाची होडी एकटीने हाकते. तिचं ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. मे महिन्यात तिच्याकडे गेले तेव्हा लंडन राहू दिलं आणि तीन दिवस हॅम्बल नदीच्या धक्क्यावर काढले. तिला ऑटोपायलट निवडायचा होता.

होडी वेस्टर्ली सेंटॉर जातीची. १९६९ ते १९८० या काळात इंग्लंडमध्ये अशा दोन हजारांहून जास्त होड्या बांधल्या गेल्या. हिला चाक नाही. सुकाणूला जोडलेला लाकडी दांडा हातात धरायचा, एवढंच. जिथे ताईचा तळवा टेकतो तिथलं व्हार्निश पार उडालं होतं आणि लाकूड काळपट, गुळगुळीत झालं होतं. माझी नजर सारखी तिथेच जायची.

दांड्याचा ऑटोपायलट दिसायला सायकलच्या पंपासारखा. एक टोक बाकाच्या कडेला खोबणीत बसवायचं, पुढचा दट्ट्या दांड्यावरच्या पिनेत अडकवायचा. पोटात मोटर आणि होकायंत्र. होडीचं तोंड ठरवलेल्या दिशेवरून ढळलं की दट्ट्या दांडा ढकलतो नाहीतर ओढतो.

रेमरीन कंपनीचा लहान एसटी १००० हा ३००० किलोपर्यंतच्या होडीसाठी, मोठा एसटी २००० हा ४५०० किलोपर्यंत. सेंटॉरचं कागदावरचं वजन ३०४० किलोच्या आसपास. "चाळीस किलोंनी काय होतंय? लहान घे," मी म्हणाले. ताईने मला आत नेलं आणि एकेक फळी उचलून दाखवली. पाण्याचे कॅन, नांगराची साखळी, डिझेल, बॅटऱ्या, गॅस, तांदळाचा डबा. "हे सगळं कोण ओढणार? वीस टक्के वाढव." म्हणजे जवळजवळ ३६०० किलो. दुकानातल्या माणसाने लहान यंत्राची किंमत सांगितली तेव्हाही ती एवढंच म्हणाली, "छत्तीसशे." रात्री भाजी चिरतानाही तेच, छत्तीसशे. मला ते पटत गेलं. कागदावरच्या वजनाने समुद्रात कुणी जात नाही.

पण खरी निवड दुकानात झालीच नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही सोलेंटच्या सामुद्रधुनीत बाहेर पडलो. वारा पंधरा नॉटच्या आसपास, होडी एका अंगावर कललेली, दांडा हाताला चांगलाच ओढत होता. "सोड," ताई म्हणाली. मला भीती वाटली. "अगं सोड तर, आणि मोज." मी दांडा सोडला. एक, दोन, तीन, चार... चारला होडीने वाऱ्याकडे तोंड फिरवलं आणि शीड फडफडायला लागलं. ताई उठली, मोठं शीड एका पट्टीने आखूड केलं, दोऱ्या थोड्या ढिल्या सोडल्या. "आता परत सोड." या खेपेला मी एकोणीसपर्यंत मोजलं. वेग फारसा उतरला नाही, आणि होडी मात्र शहाण्यासारखी सरळ चालली. "निम्मं काम मी केलं, उरलेलं यंत्र करील," ती म्हणाली. होडी वाऱ्याशी भांडत असेल तर दट्ट्या सतत ढकलत राहतो, बॅटरी उतरते आणि मोटर जळूही शकते.

शिडांचा तोल साधला तर होडी आपली आपण चालते, याचा सगळ्यात मोठा दाखला मुंबईत बांधलेल्या सागवानी होडीचा आहे. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन १९६८-६९ साली ३२ फुटी 'सुहेली'तून एकटे, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करत होते. ऑस्ट्रेलियाजवळ त्यांचं वाऱ्यावर चालणारं सुकाणूयंत्र निकामी झालं. पुढचा प्रवास त्यांनी शिडांचा तोल साधून पुरा केला. एकूण दिवस ३१२.

तसं वाऱ्याचं यंत्र ताईनेही पाहून ठेवलं होतं. त्याला वीज लागत नाही, पण वारा फिरला की होडीही फिरते, आणि वारा पडल्यावर इंजिनावर जाताना त्याचा उपयोग नाही. तिला फ्रान्समधल्या शेरबुर्गपर्यंत जायचं आहे. सोलेंटच्या पश्चिम टोकाच्या नीडल्स खडकांपासून साठेक सागरी मैल, पाच नॉटने बारा तास. त्यासाठी तिने मोठा एसटी २००० घेतला आणि माझ्या मते बरोबर केलं. त्याचा दट्ट्या लहानाच्या जवळपास निम्म्या वेळात सरकतो.

बसवताना दोनच मापं महत्त्वाची. सुकाणूच्या आसापासून पिन ४६० मिलिमीटरवर, आणि तिथून काटकोनात खोबण ५८९ मिलिमीटरवर. ताईने पेन्सिलीने खुणा केल्या, तीनदा मोजल्या, मगच ड्रिल लावलं. इपॉक्सी रात्रभर सुकू दिलं. आतल्या होकायंत्राजवळ फोन, स्पीकर, लोखंड काही ठेवायचं नाही, म्हणून माझा स्टीलचा डबासुद्धा तिने आत पाठवला.

तिसऱ्या दिवशी यंत्र घुंई-घुंई करत दांडा हलवू लागलं. ताई कप दोन्ही हातांत धरून चहा प्यायली. ती उडालेल्या व्हार्निशची जागा पहिल्यांदाच मोकळी होती.

त्याआधी मात्र तिने कमरेचा पट्टा होडीच्या कडीला अडकवला होता आणि मलाही अडकवायला लावला होता. नुसत्या दांड्यावरची होडी माणूस पाण्यात पडल्यावर बहुतेक वेळा वाऱ्याकडे वळून मंदावते. यंत्र लावलेली होडी सरळ निघून जाते, पाच नॉटने मिनिटाला दीडशे मीटर. तुम्ही मांडव्याला असा की सोलेंटमध्ये, एकटे निघणार असाल तर आधी पट्टा लावा, मग पिन.