खवट पेंडीची सत्तर वर्षे

भोर तालुक्यातील उत्रोलीसारख्या भातपिकाच्या गावात मत्स्यसंवर्धनाची गोष्ट निघाली, की प्रथम पाण्याची चर्चा होते. भाटघरचे धरण १९२७ साली पुरे झाल्यापासून या मुलखाला जलाशयाची उणीव अशी राहिलेली नाही, आणि मासा आजारी पडला तर दोष पाण्याला देण्याची रीतही तेव्हापासून मुरलेली आहे. पोत्यात साठवलेल्या खाद्यातील स्निग्धांश बिघडला असेल, ही शंका मात्र आपल्याकडे फार उशिरा आली. मागे वळून पाहताना मला हीच दिरंगाई सर्वांत अधिक खटकते.

१० जुलै १९५७ रोजी डॉ. हिरालाल चौधरी यांनी पीयूषग्रंथीच्या अर्काने भारतीय कार्प माशांचे प्रजनन घडवून आणले, आणि मत्स्यबीजासाठी नदीच्या पुराकडे डोळे लावून बसण्याची गरज हळूहळू सरली. तळ्यांत कटला, रोहू व मृगळ एकत्र वाढू लागले. त्यांना वरखाद्य म्हणून शेंगदाण्याची पेंड आणि भाताचा कोंडा मिसळून देण्याचा प्रघात देशभर रुजला. दोन्ही जिन्नस स्वस्त, दोन्ही हाताशी. परंतु दोहोंतही तेल असते, याची दखल खरेदीच्या वेळी क्वचितच कोणी घेई.

त्याच सुमारास जपानमध्ये एक विलक्षण प्रकरण अभ्यासले जात होते. रेशीमकिड्यांचे वाळवलेले कोशित खाऊन वाढणाऱ्या कार्प माशांची पाठ खंगत जाऊन कणा वर उठून दिसे. या व्याधीला तेथे ‘सेकोके’ म्हणत. १९६६ साली हाशिमोतो, वातानाबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्राणवायूच्या संयोगाने बिघडलेले तेल आहारात दिल्यास कार्पचे स्नायू झिजतात असे प्रयोगांती दाखविले; ई जीवनसत्त्वाची जोड दिली तर ही झीज टळते, हेही निष्पन्न झाले. पाण्याचा यात काहीच अपराध नव्हता.

कारण समजून घेण्याजोगे आहे. थंड पाण्यातही पेशींची आवरणे प्रवाही राहावीत म्हणून माशाच्या देहात असंपृक्त स्निग्धाम्ले विपुल असतात, आणि नेमकी हीच अम्ले प्राणवायूला सर्वांत लवकर बळी पडतात. त्यामुळे खाद्यात सुरू झालेली विघटनाची साखळी देहात शिरल्यावरही थांबत नाही, तर तेथील ई जीवनसत्त्वाचा साठा फस्त करून पेशींपर्यंत पोचते. खवट आहारावर पोसलेल्या इंद्रधनुषी ट्राउट माशांच्या यकृतात सेरॉइड नावाचे पिवळट द्रव्य साचून त्यांना पांडुरोग जडतो, असे १९७९ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नोंदले गेले. फिके पडलेले कल्ले हा या विकाराचा बाहेरून दिसणारा दाखला होय.

आता आपल्या कोंड्याकडे वळतो. दाणा अखंड असतो तोवर तांदळाच्या कोंड्यातील तेल आणि त्याला फोडणारे लायपेज हे विकर परस्परांपासून अलग असतात. गिरणीत भात सडताच दोघांची गाठ पडते, आणि थोड्याच दिवसांत कोंडा कडवट होऊ लागतो. कोकणातील उकडा तांदूळ करताना उष्णतेने हे विकर निष्प्रभ होते. इंद्रायणी किंवा आंबेमोहोर मात्र न उकडताच सडला जातो, त्यामुळे त्याच्या कोंड्याला हे संरक्षण नाही. त्यात मावळपट्टीचा पावसाळा, दमट कोठार आणि ओलसर जमिनीवर रचलेली पोती यांची भर पडली, म्हणजे बुरशीलाही आमंत्रण मिळते.

पुढे पिंजऱ्यांतील मत्स्यपालन आले, तिलापिया व पंगासियस आले, आणि त्यांच्याबरोबर कारखान्यात घडविलेले तरंगते गोळीखाद्य आले. तेल टिकविण्यासाठी त्यात घालण्यात येणाऱ्या इथॉक्सिक्विन या रसायनाची परवानगी युरोपीय संघाने २०१७ साली तहकूब केली. तेव्हापासून साठवणुकीचा प्रश्न अधिकच नाजूक झाला आहे. तपासणीतही एक खाचखळगा आहे: तेलातील पेरॉक्साइडचे मान प्रथम चढते, नंतर त्याच द्रव्यांची अल्डिहाइडे होत गेल्याने उतरते, म्हणून पुरते नासलेले तेलही कागदोपत्री निर्दोष ठरू शकते. यास्तव या अल्डिहाइडांचा अंदाज देणारे ॲनिसिडीन मानही मागावे, आणि प्रथिनांच्या टक्क्यांवरच भाव ठरविण्याचा सध्याचा रिवाज सोडावा, असे माझे स्पष्ट मत आहे. उत्रोलीच्या परिसरातील लहान मत्स्यपालकाला प्रयोगशाळा परवडणार नाही. त्याने कोंडा गिरणीतून ताजा आणून आठवड्याच्या आत संपवावा, अन्यथा तेल काढलेला कोंडा घ्यावा, पोती फळ्यांवर भिंतीपासून दूर रचावीत, आणि नाकाला खवट लागलेले खाद्य कितीही स्वस्त मिळाले तरी तळ्यात टाकू नये.