दोष आंघोळीचा नव्हे, घराण्याचा!

घरातल्या कुत्र्याचे केस जाऊ लागले, अंगावरून कोंडा पडू लागला, की बोट कोणाकडे दाखवले जाते हे काय सांगायला हवे? “अगं, त्याला नीट आंघोळ घालत जा,” सासूबाई म्हणतात. “तू त्याला काहीबाही खायला घालतेस,” असे यजमानांचे मत. शेजारीण तर ‘मुलांना लागेल हो’ म्हणत उंबऱ्यावरूनच परत फिरते. कुत्रा पाळायची हौस मुलांची नि त्यांच्या बाबांची. पण त्याची भाकरी, त्याची आंघोळ आणि त्याच्या दुखण्याचा ठपका मात्र आपल्या वाट्याला!

म्हणून मैत्रिणींनो, एक गोष्ट माहीत असलेली बरी. कुत्र्यांचे काही त्वचारोग आंघोळ न घातल्याने येत नाहीत आणि आंघोळ घालून जातही नाहीत. ते आईबापांकडून, जन्माबरोबरच येतात.

आमच्या हरसूलला पूर्वी दारात असायचा तो गावठी कुत्रा. आता नाशिकचे मामा भाच्यांसाठी लॅब्रॅडॉरचे पिल्लू घेऊन येतात. मोबाईलच्या जाहिरातीत २००३ साली पग दिसला आणि तेव्हापासून तो लहान गावांतल्या मुलांच्याही ओळखीचा झाला. ही जातिवंत पिल्ले दिसायला गोजिरवाणी खरी, पण त्यांच्या घराण्याची चौकशी कोणी करीत नाही.

अर्थात प्रत्येक खाज काही घराण्याची नसते. आधी नेहमीची कारणे पाहावीत: गोचिडी, पिसवा, खरूज, नायटा. त्यातली खरूज आणि नायटा माणसांनाही लागतात, तेव्हा दवाखान्यात न्यायला उशीर करू नये. पशुवैद्य कातडी थोडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात आणि निदान करतात. पण त्रास लहानपणीच सुरू झाला, औषध थांबवताच पुन्हा उलटला, शिवाय त्याच वेतातल्या दुसऱ्या पिल्लांनाही तसेच झाल्याचे कळले, तर दोष जन्मजात असल्याची शंका घ्यावी.

हा दोष येतो कसा? कुत्र्याच्या पेशीत गुणसूत्रांच्या ३९ जोड्या असतात, आपल्या २३. त्यांवर जनुके असतात, म्हणजे शरीर घडवण्याच्या सूचनाच म्हणा ना! बहुतेक प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक बापाची. समजा, तुमच्याकडे लोणच्याच्या कृतीच्या दोन वह्या आहेत, एक माहेरची, एक सासरची. एकीत मीठ लिहायचे राहून गेले तरी दुसरीवरून लोणचे नीट होते. पण दोन्हींत तीच चूक असेल तर लोणचे बिघडलेच! ज्याची एकच प्रत सदोष, तो कुत्रा अगदी निरोगी दिसतो. त्याला ‘वाहक’ म्हणतात. असे दोन वाहक एकत्र आले, की सरासरी चारांतल्या एका पिल्लाला दोन्ही सदोष प्रती मिळतात आणि रोग उघडा पडतो.

आमच्या आदिवासी भागात हा हिशेब नवा नाही. सिकलसेलच्या तपासणीत ‘वाहक’ हा शब्द बायकांनी ऐकलेला असतो. सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम २०२३ साली सुरू झाली, तीतही वाहक कोण हे लग्नाआधीच कळावे यावर भर आहे. रोग वेगळा, पण हिशेब तोच.

आता उदाहरणे पाहू. गोल्डन रिट्रिव्हरच्या अंगावरून कधी कधी पांढरट-करडे पापुद्रे आयुष्यभर गळत राहतात. या रोगाला इक्थिओसिस म्हणतात. पीएनपीएलए१ नावाच्या जनुकातला बिघाड हे त्याचे कारण २०१२ साली सापडले. गंमत अशी, की त्याच जनुकातले बिघाड या रोगाच्या काही माणसांतही आढळले. लॅब्रॅडॉरमध्ये एका जन्मजात रोगाने नाकाचा शेंडा कोरडा, खरखरीत होतो आणि त्याला भेगा पडतात. बहुधा सहा महिने ते वर्षाच्या वयात हे दिसू लागते. त्याचे जनुक २०१३ साली कळले. कुत्रा एरवी ठणठणीत असतो. हे दोन्ही रोग मुळापासून बरे होत नाहीत, पण संसर्गजन्यही नाहीत. डॉक्टरांनी सांगितलेला शाम्पू किंवा मऊ मलम नियमाने लावले, की कुत्रा सुखाने जगतो.

सगळेच इतके सरळ नसते. पंजे चाटणे, कान खाजवणे, पोट लाल होणे ही ॲलर्जीची लक्षणे लॅब्रॅडॉर, पग, जर्मन शेफर्ड यांच्यात बरीच दिसतात. तिच्यामागे एक नव्हे, अनेक जनुके असतात आणि धूळ, परागकण यांचाही हात असतो. पगच्या तोंडावरच्या घड्या तर माणसाने हौसेने वाढवलेल्या! आमच्याकडच्या धो धो पावसात त्या ओल्या राहिल्या, की आत बुरशी धरते. रोज कोरड्या फडक्याने पुसणे एवढेच आपल्या हाती. पिल्लाच्या अंगभर पसरणारी डेमोडेक्सची खरूज आणखी निराळी. तिचे सूक्ष्म किडे आईच्या कुशीतूनच जवळजवळ प्रत्येक पिल्लाच्या अंगावर येतात. पण काही घराण्यांतल्या पिल्लांना ते आवरत नाहीत. ही खरूज माणसांना लागत नाही. औषधाने ती बरी होते, पण अशा कुत्र्याची पिल्ले घेऊ नयेत असे पशुवैद्य सांगतात.

मग जातिवंत कुत्र्यांतच हे जास्त का? कारण एकसारखे रूप टिकवण्यासाठी पिढ्यान्पिढ्या नात्यातल्या नात्यात जोड्या लावल्या गेल्या. घराणे जितके बंदिस्त, तितके दोन वाहक भेटण्याचे योग अधिक. गावठी कुत्र्यांत सरमिसळ मोठी, म्हणून असे योग कमी. गोचिडी आणि खरूज मात्र त्यांनाही सोडत नाहीत!

तेव्हा पिल्लू आणण्याआधी एवढे कराच. आई प्रत्यक्ष पाहा, जमले तर बापही. दोघांची कातडी, कान, नाक नीट निरखा. ‘आधीच्या वेतातली पिल्ले कशी आहेत?’ असे विचारा. काही रोगांची जनुक-तपासणी गालाच्या आतून बोळा फिरवून होते; ती केली आहे का, हेही विचारायला लाजू नका. २०१७ च्या नियमांनुसार पैदास करणाऱ्याने नोंदणी करायची असते आणि आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकायचे नसते. त्याने आई दाखवायला टाळाटाळ केली, तर सरळ घरी परत या. आपल्या कुत्रीला असा रोग असेल, तर ‘एकदा तरी पिल्ले होऊ द्या’ या आग्रहाला बळी पडू नका. शस्त्रक्रिया करून घ्यावी.

आणि घरातल्या कुत्र्याला असे काही झालेच, तर जळके ऑइल, रॉकेल किंवा आपल्या नायट्याचे मलम मुळीच चोळू नका. कुत्रा अंग चाटतो आणि ते विष पोटात जाते. नुसत्या कातडीपायी त्याला रस्त्यावर सोडून देण्याची वेळही कोणावर येऊ नये. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने विनाकारण सोडून देणे हा गुन्हा आहे. पुढच्या वेळी सासूबाईंनी आंघोळीचा विषय काढला, तर डॉक्टरांकडे जाताना त्यांनाही बरोबर न्या. निदान त्यांच्या कानांवर पडलेले बरे!