बुडत्या मोटारवाल्याने काय विकावे?

कर्जात बुडालेल्या मोटार-कारखानदाराने आपल्या नाममुद्रांपैकी कोणती ठेवावी नि कोणती विकावी? वर्गात हा प्रश्न घातला की मुले चटकन सांगतात, "सर, जी खपत नाही ती विकावी." ऐकायला बरोबर वाटते. पण अमेरिकेच्या जनरल मोटर्सचे काय झाले ते पाहा.

२००८ च्या अखेरीस सरकारी कर्जासाठी हात पसरला, तेव्हा अमेरिकेत या कंपनीच्या पदरी आठ नावे होती. शेव्हरोले, कॅडिलॅक, ब्यूइक आणि जीएमसी ही चार राहिली. पाँटिअॅक, सॅटर्न, हमर आणि साब ही चार गेली. मधेच १ जून २००९ रोजी दिवाळ्याचा अर्जही झाला.

गंमत अशी की, २००८ साली अमेरिकेत ब्यूइकपेक्षा पाँटिअॅकच्या गाड्या कितीतरी जास्त खपल्या होत्या. तरी पाँटिअॅक गेली, ब्यूइक राहिली! कारण बसले होते चीनमध्ये. तिकडे ब्यूइकला मोठा मान, आणि खप अमेरिकेपेक्षाही अधिक. उलट पाँटिअॅकच्या बहुतेक गाड्या म्हणजे शेव्हरोलेचाच सांगाडा, तेच इंजिन, फक्त नाकडोळे निराळे. पाँटिअॅक बंद केली तर तिचे काही गिऱ्हाईक शेजारच्या शेव्हरोलेकडे वळण्याचा संभव होता. ब्यूइक बंद केली असती तर चीनमधली सगळी पुण्याई गेली असती. तेव्हा खपाचा आकडा एकटा पाहून भागत नाही. ते गिऱ्हाईक दुसरीकडून मिळेल का, हे विचारावे लागते.

बरे, विकायचे म्हटले तरी घेणार कोण? वाड्यातली मधली खोली विकायला काढावी, तसे हे असते. जिना सामाईक, नळ सामाईक. सॅटर्न घ्यायला रॉजर पेन्स्की तयार होते. पण त्यांच्याजवळ मोटारी बनवण्याचा कारखाना कुठे होता? पुढच्या गाड्या रेनोने पुरवाव्यात अशी बोलणी चालली होती. रेनोने नकार दिला आणि सप्टेंबर २००९ मध्ये सौदा मोडला. हमरला चिनी गिऱ्हाईक मिळाले होते, तेही २०१० मध्ये फिसकटले. साब मात्र विकली गेली. ती २०१० साली हॉलंडच्या स्पायकर या चिमुकल्या कंपनीने घेतली, आणि २०११ च्या डिसेंबरात तिचे दिवाळे वाजले. स्वीडनमधल्या ट्रॉलहेट्टन गावाचे हजारो कामगार घरी बसले.

मग नुसते कुलूप लावावे म्हणाल, तर तेही फुकट नाही. तिथल्या राज्यांचे कायदे विक्रेत्यांच्या बाजूचे. याच कंपनीने ओल्ड्समोबिल हे नाव बंद करण्याचे २००० साली जाहीर केले, ते २००४ पर्यंत निस्तरले, आणि विक्रेत्यांची समजूत घालताना शंभर कोटी डॉलरांहून अधिक रक्कम गेली. २००९ साली दिवाळ्याच्या कोर्टाने हा मार्ग सोपा केला, इतकेच.

आणि राखलेले नाव तरी सगळीकडे टिकते असे नाही. आपल्या तळेगावच्या कारखान्यात शेव्हरोलेच्या गाड्या बनत. २०१७ अखेर भारतातली विक्री थांबली, परदेशी धाडायच्या गाड्या २०२० पर्यंत निघत राहिल्या, आणि पुढे तो कारखाना ह्युंदाईने विकत घेतला.