बिंदू, छटा आणि पाठ

हस्तलिखिताची संगणकीय प्रतिमा समोर ठेवून पाठनिर्णय करण्याची पद्धत आता रूढ झाली आहे. अशा वेळी प्रतिमेच्या परिभाषेचा नेमका अर्थ ठाऊक असणे अभ्यासकाला अगत्याचे आहे.

स्कॅनर पृष्ठाचे सूक्ष्म चौकोनांत विभाजन करतो. अशा एका चौकोनाला 'पिक्सेल' म्हणतात. एका इंचातील पिक्सेलांची संख्या म्हणजे 'विभेदन'. विभेदन ३०० असल्यास अर्धा मिलिमीटर रुंदीच्या अनुस्वाराच्या वाट्याला आडवे सुमारे ६ पिक्सेल येतात; १०० असल्यास अवघे २. मुळात न टिपलेला तपशील प्रतिमा मागाहून मोठी केल्याने तीत अवतरत नाही.

दुसरी संज्ञा 'छटा'. ८ बिटांच्या करड्या प्रतिमेत प्रत्येक पिक्सेलसाठी २५६ छटा उपलब्ध असतात. १ बिटाच्या प्रतिमेत केवळ काळा व पांढरा. अनुस्वाराची शाई ठरविलेल्या मर्यादेपेक्षा फिकट असली, की तो पांढरा गणला जाऊन नाहीसा होतो. जुन्या लेखनपद्धतीत 'तें' हे नपुंसकलिंगी एकवचन, तर 'ते' हे पुल्लिंगी अनेकवचन. एका बिंदूच्या लोपाने लिंग व वचन दोन्ही पालटतात.

मुद्रणातील बिंदू याहून निराळा. एकरंगी मुद्रणात शाई काळी, तेवढी एकच. करडेपणाचा आभास 'हाफटोन' पद्धतीने लहानमोठे ठिपके छापून साधला जातो. म्हणून छापील प्रतिकृतीतील ठिपक्याला अनुस्वार मानण्यापूर्वी मूळ प्रत पाहावी.

पाठभेदासोबत प्रतिमेचे विभेदन व छटासंख्याही नोंदवावी. अन्यथा लेखनिकाचा म्हणून मांडलेला पाठभेद वस्तुतः यंत्राचा असू शकेल.