झिरपणारे सूर

गायक, तबलजी आणि पेटीवाला यांचे सूर एकमेकांत मिसळून जावेत, यासाठी सारी मैफल धडपडत असते. घरच्या संगणकावर गाणे मुद्रित करू पाहणाऱ्याची धडपड मात्र नेमकी उलट असते. प्रत्येक आवाज आपापल्या ट्रॅकवर स्वतंत्र राहावा असे त्याला वाटते आणि तो तसा राहत नाही. गळ्याच्या ट्रॅकमध्ये तबल्याची थाप ऐकू येते, पेटीच्या ट्रॅकमध्ये गायिकेचा आलाप येतो, हेडफोनमधली तालाची टिकटिकही कुठून तरी आत शिरते. शेजारच्या न्हाणीघराची ओल भिंतीतून आपल्या खोलीत उतरावी, तसा एक आवाज दुसऱ्यात झिरपतो. हे का होते आणि त्यावर उपाय काय, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

आपल्या कोल्हापूरला हा प्रश्न नवा नाही. १९२९ साली येथे स्थापन झालेल्या प्रभात फिल्म कंपनीने १९३२ मध्ये 'अयोध्येचा राजा' हा बोलपट काढला. दिग्दर्शन व्ही. शांताराम यांचे, संगीत गोविंदराव टेंबे यांचे. हरिश्चंद्राची भूमिकाही टेंब्यांचीच आणि तारामती दुर्गा खोटे. त्या काळी पार्श्वगायन रूढ झाले नव्हते. नट-नटींनी कॅमेऱ्यासमोर गावयाचे आणि साथीदारांनी कॅमेऱ्याच्या नजरेआड बसून साथ करावयाची, अशी रीत होती. मागाहून पेटी कमी करू, तबला थोडा वाढवू, ही सोय नव्हती. कोणाला माईकपासून किती अंतरावर बसवायचे, यातच सारे कौशल्य होते. आज संगणकाने आपल्याला हवे तेवढे ट्रॅक दिले. पण हवेतून जाणाऱ्या आवाजाचे नियम तेव्हा होते तेच आजही आहेत.

आवाज झिरपला तर बिघडते काय? एक तर दुरुस्ती अशक्य होते. गायिकेची एक ओळ चुकली म्हणून ती नव्याने गाऊन घ्यावी, तर जुन्या ओळीबरोबर तिच्यात मिसळलेला तबलाही जातो आणि ठेका मध्येच तुटल्यासारखा वाटतो. दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे एक मीटर अंतराला त्याला सुमारे तीन सहस्रांश सेकंद लागतात. तबल्याची थाप तबल्याच्या माईकमध्ये आधी पोहोचते आणि गळ्याच्या माईकमध्ये किंचित उशिरा. हे दोन ट्रॅक एकत्र केले की काही कंपने एकमेकांना मारतात, काही वाढवतात, आणि भरदार थाप डब्यात वाजवल्यासारखी पोकळ होते.

निदान झाल्याशिवाय औषध देऊ नये, हे येथेही खरे आहे. सर्वप्रथम आपण समजतो तोच माईक चालू आहे ना, हे पाहावे. मुद्रण सुरू करून माईकवर नखाने हलकेच टिचकी मारावी, मग लॅपटॉपवर मारावी. लॅपटॉपची टिचकी मोठी उमटली, तर चांगला माईक नुसताच शोभेला उभा असून लॅपटॉपच्या पोटातला बारीक माईक काम करीत आहे, असे समजावे.

त्यानंतर आधीचा ट्रॅक हेडफोनमध्ये वाजता ठेवून, कोणीही न गाता, नवा ट्रॅक मुद्रित करावा. त्यात जुने गाणे उमटले तर माईकची पातळी पूर्ण शून्यावर आणून पुन्हा पाहावे. (माईकची वायर उपटून ही परीक्षा करू नये; पुष्कळ लॅपटॉप अशा वेळी आपण होऊन आतला माईक सुरू करतात.) शून्यावरही गाणे उमटतच राहिले, तर ते हवेतून येत नाही, संगणकाच्या आतूनच येत आहे. विंडोजमध्ये आवक म्हणून 'स्टिरिओ मिक्स' निवडले गेले असेल, तर संगणक जे जे वाजवतो ते सारे पुन्हा मुद्रित होते. तेथे 'मायक्रोफोन' निवडावा. ऑडिओ इंटरफेस असल्यास त्यातील 'लूपबॅक' बंद आहे ना, तेही पाहावे.

पातळी शून्यावर आणताच गाणे नाहीसे झाले, तर ती पूर्ववत करावी आणि हेडफोन न उपटता जाड वाकळीत गुंडाळून ठेवावा. आता गाणे थांबले तर गळती हेडफोनच्या कडांतून होत होती. त्यासाठी कान पूर्ण झाकणारा, मागून बंद असलेला हेडफोन घ्यावा आणि आवाज कमी ठेवावा. आपल्याकडे एक कान उघडा ठेवून गाण्याची सवय पुष्कळांना असते. त्यांच्यासाठी झाकलेल्या कानालाच आवाज द्यावा आणि दुसरी बाजू संगणकातून बंद करावी. वाकळीत गुंडाळूनही गाणे येतच असेल, तर दोष वायरीत आहे. माईक आणि हेडफोन यांचा एकच जोड असलेल्या साध्या हेडसेटमध्ये असे होऊ शकते. स्वतंत्र यूएसबी माईक घेणे हा त्यावरचा सरळ उपाय होय.

एकाच खोलीत दोन-तीन कलाकार एकत्र वाजवीत असतील, तर मात्र बटणांनी काम भागत नाही. बैठक बदलावी लागते. उघड्यावर अंतर दुप्पट केले की आवाज सहा डेसिबलने उतरतो. खोलीत भिंतींवरून परतणाऱ्या आवाजामुळे तो थोडा कमी उतरतो. यावरून जाणकारांनी एक अडाखा बांधला आहे: माईक तोंडापासून एक वीत असेल, तर दुसऱ्याचा माईक त्यापासून निदान तीन विती दूर असावा. शिवाय नेहमीच्या वापरातला कार्डिऑईड माईक समोरचे चांगले ऐकतो आणि पाठीमागचे फारच कमी. मैफलीत तबला गायकाच्या उजवीकडे आणि पेटी डावीकडे असते. श्रोत्यांच्या दृष्टीने ती बैठक योग्यच आहे. मुद्रणासाठी मात्र गायक आणि तबलजी यांना समोरासमोर बसवावे, म्हणजे दोघांच्या माईकची पाठ एकमेकांकडे येते आणि समेवर नजरेला नजरही मिळते.

राहता राहिली खोली. गुळगुळीत फरशी आणि उघड्या भिंती आवाज परतवतात. भिंतीवर परतलेला तबला माईकच्या तोंडात समोरून शिरतो. म्हणून वाकळ किंवा घोंगडे दोरीवर टांगायचे ते गायकाच्या पाठीमागे, कारण माईकचे तोंड तिकडेच असते.

एवढे करूनही जे झिरपते त्यासाठी सॉफ्टवेअर आहे; पण त्याच्याकडून फार अपेक्षा करू नये. 'नॉईज गेट' गाणे थांबले की दार लावून घेतो. गाणे चालू असताना दार उघडेच असते आणि तबला खुशाल आत येतो. संगणकातील गोंगाट कमी करणारी सोय तंबोऱ्याच्या अखंड नादालाच गोंगाट समजण्याचा संभव असतो, म्हणून ती बंदच ठेवावी. 'डीझर' कंपनीने २०१९ मध्ये 'स्प्लीटर' नावाचा कार्यक्रम सर्वांना खुला केला. तो तयार गाण्यातून गळा, ड्रम, बेस आणि उरलेले असे वाटे करतो. त्यात तबल्याला आणि पेटीला स्वतंत्र कप्पा नाही. शिवाय आपली पेटी गळ्याच्या मागोमाग त्याच सुरांवरून चालते. सावली अंगापासून वेगळी करावी तसे ते काम आहे.

मात्र प्रत्येक गळती बुजवायची असते असेही नाही. माझ्या आत्याच्या जात्यावरच्या ओव्या मी घरी मुद्रित केल्या, तेव्हा जात्याची घरघर टाळण्यासाठी तिला नुसतेच बसून गावयास सांगता आले असते. पण जाते फिरल्याशिवाय तिला पुढची ओवी आठवत नाही. खुंट्याला हात लागला की ओळ ओठांवर येते. म्हणून मी माईक तिच्या तोंडाखाली, वर तोंड करून ठेवला. म्हणजे त्याची पाठ जात्याकडे झाली. घरघर उरली, पण शब्दांच्या खाली उरली. त्या ट्रॅकमधून जाते काढून टाकावे, असे मला कधीही वाटले नाही.

आपल्या जिल्ह्यात शाहिरी आहे, गावोगावी भजनी मंडळे आहेत आणि घरोघरी ओव्या येणाऱ्या वृद्ध स्त्रिया आहेत. त्यांतला कोणता आवाज पुढच्या वर्षी ऐकावयास मिळेल, हे कोणी सांगावे? आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी संगणक आहे आणि एक साधा माईक वर्गणी काढूनही घेता येतो. गाणाऱ्याला बोलावण्यापूर्वी अर्धा तास काढून टिचकीची आणि वाकळीची परीक्षा करून घ्यावी. संगणक पुन्हा सुरू करता येतो. ऐंशी वर्षांच्या आजीला 'पुन्हा एकदा म्हणा' असे किती वेळा सांगणार?