विश्लेषण : आकाशवाणीची धून रचणारा निर्वासित… परदेशी वादक मुंबईत रुजले कसे?

पहाटे रेडिओ लावला की केंद्राची सभा सुरू होण्याआधी तंबोऱ्याच्या स्वरांवर व्हायोलिनची एक छोटीशी धून वाजते. आकाशवाणीचे जळगाव केंद्र ऐकत मोठ्या झालेल्या खान्देशातील पिढ्यांना ती पाठ आहे. या धूनचे कर्तृत्व सर्वसाधारणपणे वॉल्टर कॉफमन यांना दिले जाते. ते ना भारतीय होते, ना इंग्रज. आजच्या चेक प्रजासत्ताकातील कार्लोव्ही व्हॅरी गावात जन्मलेले ते ज्यू संगीतकार होते आणि हिटलरच्या छायेतून निघून मुंबईला आले होते. त्यांच्यासारखे अनेक परदेशी वादक गेल्या शतकात या शहरात आले. काही पाहुण्यासारखे राहून निघून गेले, काही कायमचे मुंबईकर झाले. त्यांना शहराने काय दिले, शहराला त्यांनी काय दिले आणि नंदुरबारसारख्या जिल्ह्यातील कलावंताने या इतिहासातून काय घ्यावे, याचा हा आढावा.

कॉफमन मुंबईतच का आले?

कॉफमन यांचा जन्म 1907 चा. बर्लिन आणि प्राग येथे त्यांचे शिक्षण झाले. प्रागमध्ये त्यांनी पीएच.डी.चे काम पूर्ण केले होते. पण मार्गदर्शक प्राध्यापक नाझी चळवळीत सक्रिय असल्याचे कळल्यावर त्यांनी ती पदवी घेण्यास नकार दिला. जर्मनीत 1933 मध्ये हिटलर सत्तेवर आल्यावर ज्यू संगीतकारांना तिथे काम मिळणे बंद झाले. फेब्रुवारी 1934 मध्ये कॉफमन मुंबईत उतरले, तेव्हा त्यांच्याकडे परतीचे तिकीटही होते. भारतच का, याचे त्यांनी नंतर दिलेले उत्तर अगदी व्यवहारी होते : इथला व्हिसा सहज मिळत होता. कलेची ओढ, पूर्वेचे आकर्षण वगैरे कारणे नंतर आली. आधी दार उघडे मिळाले.

अनोळखी शहरात त्यांनी जम कसा बसवला?

काही महिन्यांतच कॉफमन यांनी ‘बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी’ स्थापन केली. दर गुरुवारी विलिंग्डन जिमखान्यात तिचे कार्यक्रम होत. पियानोवर स्वतः कॉफमन, चेलोवर इटालियन वादक एदिजिओ व्हेर्गा आणि व्हायोलिनवर मुंबईकर पारशी मेहली मेहता, असे ते त्रिकूट. पुढे जगप्रसिद्ध झालेले संगीत संचालक झुबिन मेहता हे याच मेहलींचे चिरंजीव. मे 1937 पर्यंत या संस्थेचे 136 कार्यक्रम झाले होते. म्हणजे तीन वर्षे जवळपास दर आठवड्याला एक. शहरात ओळख होते ती अशा नेमाने.

पण मूठभर सभासदांच्या वर्गणीवर घर चालत नाही. कॉफमन यांनी मोहन भवनानी यांच्या चित्रपटांसाठी संगीताचे काम केले आणि पुढे 1937 ते 1946 या काळात आकाशवाणीच्या मुंबई केंद्रात पाश्चात्त्य संगीत विभाग सांभाळला. दरमहा पगाराच्या या नोकरीमुळे त्यांना श्वास घेता आला.

भारतीय संगीत पहिल्यांदा ऐकले तेव्हा त्यांना ते काहीच कळले नाही, हे त्यांनी मोकळेपणाने नोंदवले आहे. मात्र इतके लोक ज्यावर जीव टाकतात ते निरर्थक कसे असेल, उणीव आपल्याच कानात असली पाहिजे, असा विचार करून ते शिकायला बसले. आकाशवाणीची धून शिवरंजनीच्या अंगाने जाते असे जाणकार सांगतात. तो या शिकण्याचा आपल्या कानांवर रोज पडणारा पुरावा. कॉफमन 1946 मध्ये मुंबई सोडून गेले. कॅनडातील विनिपेग सिम्फनीचे ते पहिले संचालक झाले, नंतर अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात प्राध्यापक. उत्तर हिंदुस्थानी रागांवरील त्यांचा जाडजूड ग्रंथ 1968 मध्ये प्रसिद्ध झाला. ते गेले 1984 मध्ये.

अमेरिकेतील जॅझवादकांना मुंबईत काय मिळाले?

कॉफमन आले त्याच्या पुढच्याच वर्षी, 1935 मध्ये, कृष्णवर्णीय अमेरिकन व्हायोलिनवादक लिऑन ॲबी आपला जॅझ बँड घेऊन ताजमहाल हॉटेलात आले. ॲबी परतल्यावर ट्रम्पेटवादक क्रिकेट स्मिथ यांनी बँडची सूत्रे घेतली. शांघाय गाजवून आलेले पियानोवादक टेडी वेदरफोर्ड त्यांना येऊन मिळाले. ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ ही ध्वनिमुद्रिका 1936 मध्ये याच मंडळींनी काढली. तिची चाल मुंबईतीलच एका ज्यू संगीतकाराची, मेनासे सायलस यांची होती. पत्रकार नरेश फर्नांडिस यांनी 2012 मध्ये या काळावर लिहिलेल्या पुस्तकाला याच ध्वनिमुद्रिकेचे नाव दिले.

हे वादक इतक्या दूर का आले? अमेरिकेत मंदी होती आणि कायद्याने मान्य केलेला वर्णभेद होता. ज्या हॉटेलात वाजवायचे तिथेच खोली न मिळणे, ही तिथल्या कृष्णवर्णीय वादकांची नेहमीची कथा. मुंबईत तेच वादक शहरातील सर्वात झगमगत्या हॉटेलात बँडप्रमुख म्हणून मान मिळवत होते. अर्थात मुंबई म्हणजे काही समतेचे नंदनवन नव्हते. फक्त युरोपियनांसाठी राखीव असलेले क्लब इथेही होतेच. शिवाय हॉटेलचा करार हंगामी असे. तो संपला की पुढचे शहर शोधावे लागे. वेदरफोर्ड असेच कोलकात्याला गेले आणि 1945 मध्ये तिथेच पटकीने वारले.

या बँडमध्ये जागा रिकामी झाली की स्थानिक वादक घेतले जात. तीच इथल्या तरुणांची शाळा ठरली. ज्या सुरावटी तोवर फक्त तबकड्यांवरून ऐकल्या होत्या, त्या शेजारच्या खुर्चीवर बसून शिकता येऊ लागल्या. मिकी कोरिया यांच्या बँडने 1939 पासून सुमारे दोन दशके ताजमध्ये वाजवले.

गोव्याचे वादक ‘परदेशी’ कसे?

या स्थानिक वादकांमध्ये मोठा भरणा गोवेकरांचा होता, आणि कागदोपत्री तेही परदेशीच होते. गोवा 19 डिसेंबर 1961 पर्यंत पोर्तुगालच्या ताब्यात होता. तिथे चर्चच्या शाळेत मुलांना स्वरलेखन वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवत. शिकवणाऱ्याला ‘मेस्त’ म्हणत. गावात या विद्येला लग्न, फेस्त आणि प्रार्थनेपलीकडे रोजगार नव्हता. म्हणून मुले मुंबईची वाट धरत आणि धोबीतलावच्या ‘कुडां’मध्ये उतरत. कूड म्हणजे एकेका गावाने आपल्या माणसांसाठी मुंबईत चालवलेले सामायिक बिऱ्हाड. अल्प भाडे, भिंतीला लावलेली प्रत्येकाची ट्रंक, एका कोपऱ्यात देव्हारा आणि आजूबाजूला आपल्याच गावची माणसे. काम मिळेपर्यंत तग धरण्याची सोय म्हणजे कूड. भारताने 1955 मध्ये गोव्यावर निर्बंध घातल्यानंतर या मंडळींना आपल्या घरी जाण्यासाठीही परवानगी लागू लागली.

ही गोष्ट फक्त पाश्चात्त्य वाद्यांपुरती नाही. मराठी माणूस ज्यांना परके समजण्याची कल्पनाही करणार नाही असे मास्टर दीनानाथ मंगेशकर, केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर हे सारे जन्माने पोर्तुगीज गोव्यातले. ‘बाहेरचा’ कोण हे सीमारेषा ठरवत असते, आणि सीमारेषा बदलतात.

हॉटेलातील वादक चित्रपटाकडे का वळले?

एक कारण दारूबंदीचे. मुंबई प्रांतात 1949 चा दारूबंदी कायदा लागू झाला आणि हॉटेल-क्लबमधील रात्रींचा रंग उतरला. नेमके त्याच सुमारास हिंदी चित्रपटांत मोठा वाद्यवृंद हवासा झाला होता. संगीतकार चाल बांधत. पण तीस-चाळीस वादकांपैकी कोणी कधी काय वाजवायचे हे कागदावर उतरवणारा माणूस लागे. या ‘अरेंजर’च्या कामाला स्वरलेखन येणारे गोवेकर तयारच होते. सेबॅस्टियन डिसूझा, फ्रँक फर्नांड, अँथनी गोन्साल्विस ही त्यातील ठळक नावे.

तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यातील पुणतांब्याचे सी. रामचंद्र आणि गोव्यातील हळदोण्याचे अंतोनियो झेवियर वाझ ऊर्फ चिक चॉकलेट यांची जोडी या सरमिसळीचे उत्तम उदाहरण. चिक यांचे दैवत लुई आर्मस्ट्राँग. 1951 च्या ‘अलबेला’त मराठमोळी चाल आणि जॅझचा ट्रम्पेट इतका एकजीव झाला की कोणते कुठून आले हे ऐकणाऱ्याने विचारलेच नाही. पडद्यावर मात्र नाव संगीतकाराचे. अरेंजर झाला तर ‘साहाय्यक’, वादक तर नाहीच. अँथनी गोन्साल्विस हे नाव देशभर पोहोचले ते 1977 च्या ‘अमर अकबर अँथनी’तील गाण्यामुळे. तो शिष्य प्यारेलाल यांनी गुरूला दिलेला मान होता. बाकीच्या शेकडो जणांच्या वाट्याला तोही आला नाही.

परदेशी संगीतकारांचा प्रभाव नेहमी हितकारकच होता का?

नाही. ब्रिटिश संगीतकार जॉन फाउल्ड्स 1935 मध्ये भारतात आले आणि दिल्ली आकाशवाणीत पाश्चात्त्य संगीताचे प्रमुख झाले. भारतीय वाद्यांचा वृंद उभारण्याचे त्यांचे प्रयोग काळाच्या पुढचे होते. मात्र बाजाच्या पेटीवर त्यांचा राग होता. पेटीच्या ठरावीक पट्ट्यांत श्रुती आणि मींड बसत नाहीत, हा त्यांचा आक्षेप. अनेक भारतीय विचारवंतांचेही मत तसेच होते. फाउल्ड्स 1939 मध्ये कोलकात्यात वारले आणि 1940 मध्ये आकाशवाणीवर पेटीला बंदी आली. ती 1971 पर्यंत राहिली. मुळात युरोपातून आलेली ही पेटी तोवर कीर्तनात, भजनात, तमाशात आणि नाट्यगृहात पुरती मराठी झाली होती. पेटीवर पोट असलेल्या कलावंतांना रेडिओचे दार तीन दशके बंद राहिले. माणूस ऐकून शिकायला बसतो की निकाल द्यायला, यावर पुढचे बरेच अवलंबून असते.

आज मुंबईत परदेशी वादकांची स्थिती काय?

नरिमन पॉइंट येथील ‘एनसीपीए’मध्ये 2006 मध्ये ‘सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया’ सुरू झाली. खुश्रू सन्तूक आणि कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मरात बिसेनगालिएव्ह हे तिचे संस्थापक. सुरुवातीपासून तिच्यात कझाकस्तान आणि इतर देशांतील वादकांचा भरणा आहे. भारतीय वादक कमी का, हा प्रश्न तेव्हापासून विचारला जातो. त्यावरचे उत्तर म्हणून संस्थेने मुलांसाठी संगीत अकादमी काढली आणि हेच परदेशी वादक तिथे शिकवू लागले. 2015 मध्ये झाकीर हुसेन यांची तबला आणि वाद्यवृंदासाठीची रचना याच संस्थेने प्रथम सादर केली.

कॉफमन यांच्या वेळी सोपा असलेला व्हिसा आता तसा राहिलेला नाही. हॉटेल किंवा क्लबशी करार करून नियमित वाजवणाऱ्या परदेशी कलाकाराला रोजगार व्हिसा घ्यावा लागतो. पर्यटक म्हणून येऊन मानधन घेता येत नाही. त्यामुळे मागे मोठी संस्था असलेला वादक टिकतो. एकट्याने, पाठीवर वाद्य घेऊन येणाऱ्यासाठी वाट अरुंद आहे.

नंदुरबारचा याच्याशी संबंध काय?

खान्देशात लग्नाची वरात निघते तेव्हा पुढे बँड असतो. त्यातील क्लॅरिनेट आणि ट्रम्पेट युरोपातून आले, वाजणारी गाणी मुंबईत बांधली गेली आणि त्यातील कित्येकांचे वाद्यलेखन गोवेकरांच्या हातचे. म्हणजे ही परदेशी मंडळी आपल्या दारापर्यंत पोहोचली आहेत. प्रश्न उलट दिशेचा आहे. काठीच्या होळीत रात्रभर ढोल घुमवणारा किंवा पावरीवर गाव नाचवणारा अक्कलकुवा-धडगावचा कलावंत सुरतमार्गे मुंबईला पोहोचला, तर त्याला तिथे काय मिळते? बहुधा एखाद्या महोत्सवात दहा मिनिटे, एक प्रमाणपत्र आणि परतीचे तिकीट. त्याची बोली मुंबईला कळत नाही, मुंबईची मराठी त्याला परकी वाटते. पासपोर्ट नसला तरी तो कॉफमन यांच्याइतकाच परदेशी असतो.

रुजलेल्या सगळ्यांच्या कहाण्यांत तीन गोष्टी समान दिसतात. पहिली, उतरायला जागा : गोवेकरांना कूड होते. दुसरी, नियमित पैसे देणारे काम : कोणाला आकाशवाणी, कोणाला हॉटेल, कोणाला चित्रपट. तिसरी, बरोबरीने वाजवणारे स्थानिक साथीदार : कॉफमन यांना मेहली मेहता भेटले, चिक चॉकलेटना सी. रामचंद्र. तिन्ही जिथे जुळल्या तिथे परका माणूस शहराचा झाला आणि शहराचे संगीतही बदलले. जिथे नुसता करार होता, तिथे माणूस वाजवून निघून गेला.

मुंबईत आदिवासी कलावंतांसाठी असे एखादे कूड, वर्षभराचे मानधन आणि सोबत बसून वाजवणारा एखादा संगीतकार मिळाला, तर पावरीचा सूरही महोत्सवाच्या मांडवाबाहेर पडेल. बाहेरून आलेल्या एका निर्वासिताची धून खान्देशात घरोघरी पोहोचली. खान्देशातील सुराला मुंबईत तेवढी जागा मिळणे अशक्य नाही. पण त्यासाठी कोणीतरी दार आधी उघडावे लागते.